गाण्याचें पीक आणि त्याची मालकी

शेतकऱ्यांच्या मासिकांत गाण्याबजावण्याचा विषय कशाला, असें कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. परंतु गेल्या मार्गशीर्षांत घोडबंदरकडील आमचे एक जुने वर्गणीदार कागदांची चळत हातांत घेऊन भेटीस आले, आणि त्यांचें म्हणणें ऐकून घेतल्यावर, जमिनीच्या खरेदी-विक्रीइतकाच हाहि व्यवहार शेतकऱ्याच्या घरांत शिरला आहे, अशी आमची खात्री झाली. त्यांच्या संमतीनें, नांव न देतां, तो येथें मांडीत आहों.

घोडबंदर हें वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील गांव. पोर्तुगीज अमदानींतील किल्ला तेथें अजून उभा आहे. भात, मीठ आणि मासळी या तिहींवर या पट्ट्यांतील आगरी व कोळी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या जगली. आज गांव मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत असून ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगानें उंचच उंच इमारती उठल्या आहेत. आमच्या या वर्गणीदारांची बरीचशी जमीन अशीच गेली. खाडीकडील थोडी खारजमीन व घराशेजारचा साडेतीन गुंठ्यांचा तुकडा एवढेंच उरलें. मुलगा एकुलता, वाणिज्य शाखेचा पदवीधर. दिवसा एका कचेरींत हिशेब लिहितो आणि रात्रीं पडवीच्या भिंतींना गोधड्या टांगून, एक माइक व एक संगणक एवढ्या सामग्रीवर गाणीं तयार करून इंटरनेटवर सोडतो.

हीं गाणीं हळदीचीं. आमच्या घाटावरील वाचकांस सांगितलें पाहिजे कीं, आगरी-कोळी घरांत लग्नाच्या दिवसापेक्षां आदल्या हळदीच्या रात्रीचा थाट मोठा. मांडवांत सारें गांव लोटतें, कर्णे लागतात, आणि रात्रीं दहानंतर ते बंद ठेवण्याचा २००० सालचा नियम बहुधा साऱ्यांच्या विस्मरणांत जातो. (आमच्या झोपेचा अनुभव जमेस धरूनच हें लिहीत आहों.) परंतु या गोंगाटाच्या तळाशीं एक फार जुना झरा आहे. आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते व त्या गाण्यांनींच विधि पार पाडते. या मुलाची आजी धवलारीण. तिचा आवाज त्यानें ध्वनिमुद्रित केला, चार ओळी आरंभीं ठेवल्या व पुढें आपले शब्द आणि आपला ताल जोडला. तें गाणें एका मोसमांत लाखावर वेळां ऐकलें गेलें आणि उत्तनपासून उरणपर्यंतच्या मांडवांतून वाजलें.

त्यानंतर एका ध्वनिमुद्रण कंपनीचा कागद आला. सहा गाण्यांबद्दल एकरकमी साठ हजार रुपये; त्या बदल्यांत गाणीं कंपनीचीं. मुलगा सही करण्यास उतावीळ. शिवाय साडेतीन गुंठ्यांचा तुकडा विकून आलेल्या पैशांत मोठ्या थाटाचें चित्रण करावें, असाहि त्याचा आग्रह. वडील म्हणाले, "साहेब, पोराचा नाद वाईट नाय. पन हा कागद वाचल्यापासून मना झोप नाय. जमिनीचा कागद असता तर मी वाचला असता. हा कशाचा कागद?"

त्यांचा पहिला प्रश्न असा कीं, हा नुसता नाद आहे कीं यांत धंदा आहे. त्याचें उत्तर आपल्याच महाराष्ट्रांतील एका तरुणाच्या उदाहरणानें देतां येतें. जळगांव जिल्ह्यांतील धानवड या गांवचा संजू राठोड हा बंजारा समाजांतील तरुण. केळी व कापूस यांच्या मुलुखांतला. गाण्याचे शब्द त्याचे, चाल त्याची, आवाजहि त्याचाच. वाद्यसंयोजन त्याचा भाऊ गौरव करतो, ज्यास लोक 'जी-स्पार्क' या नांवानें ओळखतात. म्हणजे घरचींच औतें, घरचेच गडी. फेब्रुवारी २०२४ मध्यें या भावांचें 'गुलाबी साडी' हें गाणें निघालें. लोकांनीं त्याच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांवर नाच करून त्याचीं चित्रणें आपण होऊन इंटरनेटवर चढविलीं, आणि मराठी न समजणाऱ्या प्रांतांतूनहि तें वाजूं लागलें. कोटींच्या संख्येनें तें ऐकलें गेलें. न्यूयॉर्क शहरांतील टाइम्स स्क्वेअर चौकांत जे मोठे प्रकाशफलक आहेत, त्यांवर या जळगांवकडच्या मुलाचें चित्र झळकलें. पुढें 'काळी बिंदी' व २०२५ सालीं 'शेकी' हीं गाणीं आलीं व तींहि चाललीं.

हें वाचून ज्याच्या त्याच्या मुलानें नांगर टाकून माइक हातांत धरावा, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. 'गुलाबी साडी' हें काय पहिल्या पेरणीचें पीक नव्हे. त्यापूर्वीं 'नऊवारी', गणपतीचें 'बाप्पावाला गाणं' अशीं गाणीं हे भाऊ करीतच होते, आणि प्रत्येक गाण्यागणिक कांहीं श्रोते धरून ठेवीत होते. अवचित आलेलें यश लोकांस दिसतें. त्यामागच्या हंगामांचा हिशेब कोणी विचारीत नाहीं.

दुसरें उदाहरण मुंबईंतीलच आहे. कुर्ल्याच्या नावेद शेख या मुलानें 'नेझी' हें नांव घेऊन २०१४ च्या आरंभीं 'आफत' हें हिंदी गाणें वडिलांनीं दिलेल्या आयपॅडवर ध्वनिमुद्रित केलें, त्याच यंत्रावर त्याचें चित्रण केलें व यूट्यूबवर ठेवलें. ना स्टुडिओ, ना कंपनी. पांच वर्षांनीं, २०१९ मध्यें, झोया अख्तर यांनीं 'गली बॉय' हा बोलपट काढला; त्याची प्रेरणा नेझी व डिव्हाइन या दोन गायकांच्या आयुष्यांतून घेतली होती. परंतु स्वतः नेझी मध्यंतरीं कांहीं काळ लोकांपुढून दूरच राहिला होता. कीर्ति आली म्हणजे चूल रोज पेटतेच असें या धंद्यांत नाहीं.

पूर्वीं गाणाऱ्यास लोकांपर्यंत पोहोंचावयाचें तर कोणाच्या तरी दारांतून जावें लागे. १९०२ सालीं गौहरजाननें कलकत्त्यास तबकडी भरली तेव्हांपासून तें दार ग्रामोफोन कंपनीचें होतें. पुढें आकाशवाणीचें झालें. १९८० नंतर कॅसेटी स्वस्त झाल्या व लहानमोठ्या कंपन्यांनीं कोळीगीतें, भीमगीतें, लावण्या खेडोपाडीं नेल्या. पण दार राहिलेंच. यूट्यूब २००५ मध्यें निघालें, सप्टेंबर २०१६ मध्यें जिओ आल्यावर मोबाइलवरील इंटरनेट आपल्याकडे अतिशय स्वस्त झालें, आणि फेब्रुवारी २०१९ मध्यें स्पॉटिफाय ही गाणीं ऐकविणारी परदेशी संस्था हिंदुस्थानांत आली. आतां पडवींत केलेलें गाणें त्याच रात्रीं दुबईंत ऐकतां येतें. दारावरचा पहारेकरी गेला. मात्र बाजार आहे तेथें आडत आहेच, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

ती आडत अशी. यूट्यूब गाण्याच्या आधीं-मधीं जाहिराती दाखवितें. मोठ्या चित्रणावरील जाहिरातीच्या उत्पन्नांतून शेंकडा ५५ गाणें चढविणाऱ्यास मिळतात, बाकीचे संस्था ठेवते. आखूड तुकड्यांच्या बाबतींत गाणें चढविणाऱ्याचा भाग शेंकडा ४५. पण हा वाटा सुरू होण्यासाठींच एक हजार वर्गणीदार व बारा महिन्यांत चार हजार तास पाहणें, किंवा नव्वद दिवसांत आखूड तुकड्यांचीं एक कोटि दर्शनें, अशी अट आहे. स्पॉटिफायवर तर दर वेळच्या ऐकण्यास ठरीव भावच नाहीं. महिन्याची एकूण रक्कम साऱ्या गाण्यांत ऐकण्याच्या प्रमाणांत वांटतात. आणि २०२४ पासून, बारा महिन्यांत हजार वेळांहि न ऐकल्या गेलेल्या गाण्यास त्या वाटपांत कांहींच मिळत नाहीं. शिवाय अमेरिकेंतील श्रोत्यामागें जाहिरातदार जेवढें मोजतो त्याच्या मानानें आपल्याकडील श्रोत्यामागें फारच थोडें मोजतो. तेव्हां लाख वेळां गाणें ऐकलें गेलें म्हणजे लाख रुपये आले असें नव्हे. बहुतेक वेळां त्याच्या जवळपासहि रक्कम जात नाहीं. घोडबंदरच्या मुलाचें तें गाजलेलें गाणें मोजून पाहिलें, तर त्याच्या माइकाची किंमतहि निघाली नव्हती.

मग हे गायक जगतात कशावर? बहुतांशीं सुपारीवर. गाणें इंटरनेटवर गाजलें कीं हळदी, गणेशोत्सव, दहीहंडी व कॉलेजांचे मेळावे यांची बोलावणीं येतात, आणि खरा दाणा तेथें पडतो. इंटरनेटवरचें गाणें ही एका अर्थीं बियाण्याची पिशवी. कणगी भरते ती कार्यक्रमांनीं. आणि कार्यक्रमाला मोसम असतो, प्रकृति लागते, आवाज बसला कीं हंगाम बुडाला. म्हणून चित्रणाच्या थाटासाठीं जमिनीचा तुकडा विकावा या मुलाच्या म्हणण्यास आमचें उत्तर स्पष्ट 'नाहीं' असें होतें, आणि तें त्याच्या समक्षच आम्ही दिलें. गोधड्यांच्या पडवींत झालेलें गाणें जर उत्तन-उरण फिरलें, तर साडेतीन गुंठे खर्चून तें आणखी किती दूर जाईल याचा अंदाज कोणासच देतां येत नाहीं.

आतां त्या कागदाकडे वळूं. वडिलांस तो समजला नाहीं याचें कारण त्यांतील शब्द नवे. व्यवहार मात्र जुनाच आहे. आम्ही त्यांस म्हटलें कीं, गाण्याचा एक सातबारा असतो असें समजा, व त्यावर तीन निरनिराळे हक्क लिहिलेले असतात. एक शब्दांचा, दुसरा चालीचा, तिसरा ध्वनिमुद्रणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें शब्द व चाल हीं ज्यानें केलीं त्याचीं, आणि त्याच्या हयातींत व मृत्यूनंतर साठ वर्षें तो हक्क चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क तें करण्यास ज्यानें पुढाकार घेतला व जबाबदारी उचलली त्याचा. त्याची मुदत प्रसिद्धीनंतर साठ वर्षें. नोकरींत राहून मालकासाठीं गाणें केलें तर गोष्ट निराळी, कारण तेथें अन्यथा ठरलें नसेल तर हक्क मालकाकडे जातो. हा मुलगा कोणाचा नोकर नव्हता. पडवी त्याची, खर्च त्याचा, शब्द त्याचे. अर्थात् तिन्ही खाणीं त्याच्याच नांवावर होतीं, आणि हें त्याला ठाऊकच नव्हतें! नोंदणी केलेली नाहीं म्हणून हक्क नाहीं, असें कोणीतरी त्याच्या मनांत भरविलें होतें. कॉपीराइटला नोंदणी आवश्यक नाहीं. नोंदणी केल्यास पुराव्यास बळकटी येते, एवढेंच.

कंपनीच्या कागदांत लिहिलें होतें कीं, तिन्ही हक्क साऱ्या जगासाठीं, कायमचे, व आज असलेल्या आणि पुढें निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठीं दिले. हें खरेदीखत झालें. साठ हजारांत, साठ वर्षें आणि त्याहून अधिक काळ टिकणारी मिळकत! याऐवजीं मुदतीच्या मक्त्यानें गाणें देतां येतें: अमुक वर्षें, अमुक प्रदेशांत, अमुक वाट्यानें, आणि मुदत सरली कीं परत. कायद्याचा कल गाणें करणाऱ्याकडे आहे, हेंहि आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. हक्क दुसऱ्याकडे देणें लेखी व सहीनिशीं असलें पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें समजतात. प्रदेश लिहिला नसेल तर हिंदुस्थानापुरतेंच. कराराच्या वेळीं जें माध्यम अस्तित्वांत किंवा व्यवहारांत नव्हतें तें करारांत स्पष्टपणें सांगितल्याखेरीज त्यांत येत नाहीं.

पण याहून मोठी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीनें झाली. तिच्यासाठीं गीतकार जावेद अख्तर यांनीं राज्यसभेंत व बाहेर पुष्कळ खटपट केली होती. या दुरुस्तीप्रमाणें गीतकारास व संगीतकारास, गाणें इतरत्र वापरलें जातां जें मानधन येईल, त्यांत हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीचा वाटा मिळालाच पाहिजे, आणि तो वाटा त्यानें सही करूनहि सोडतां येत नाहीं. वारसांस किंवा हक्क-वसुली करणाऱ्या नोंदलेल्या संस्थेस मात्र देतां येतो. आमच्याकडे अर्धेलीनें शेत लावतात तसेंच हें. फरक इतकाच कीं, येथें शेतमालक अर्धेली सोडून देईन म्हणाला तरी कायदा त्याला तसें करूं देत नाहीं. ही वसुली करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे व तिची कचेरी मुंबईंत आहे. हा मुलगा तिचा सभासद झालेला नव्हता. कागदांत या वाट्याचा उल्लेख नव्हता तो नव्हताच.

आणखी एक गांठ राहिली होती, ती आजीची. धवल्याची चाल जुनी, परंपरेची. ती कोणा एकाच्या मालकीची नाहीं. गांवचें गायरान म्हणा. त्यावर कोणींहि गुरें चारावीं, पण कुंपण घालूं नये. परंतु आजीनें ज्या आवाजांत, ज्या ढंगानें त्या चार ओळी म्हटल्या, त्या तिच्या गायनावर तिचा हक्क आहे. गाणाऱ्याचा हा हक्क कायद्यानें पन्नास वर्षें मानला आहे आणि तिच्या संमतीवांचून तें ध्वनिमुद्रण विकणें बरोबर नव्हे. नातवानें तिला विचारलें होतें कां, असें आम्ही पुसलें. तो कांहीं वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजीला काय विचारायचं, ती घरचीच ना!" यावर वडिलांनीं जें केलें तें आम्हांस फार आवडलें. ते म्हणाले, "बहिणींच्या सह्या न घेतां भावांनीं जमिनी विकल्या, त्यांचे दावे मी ठाण्याच्या कोर्टांत बघितलेत." दुसऱ्या दिवशीं आजीचें संमतिपत्र लिहून झालें. तिला सही येते. अंगठा घ्यावा लागला नाहीं. मात्र आपला वाटा किती, हें तिनें आधीं विचारून घेतलें.

या धंद्याविषयीं एक भीति आम्हांस अजून वाटते व ती मुलापुढें आम्ही लपविली नाहीं. खारजमीन कसणारास ती लगेच समजेल. खाडीचा बांध व उघाडी नीट असेपर्यंत आंतलें भात आपलें; बांध फुटला कीं एका भरतींत खारें पाणी शेतांत. इंटरनेटवरच्या गायकाचा बांध त्याच्या हातीं नसतो. २९ जून २०२० रोजीं सरकारनें ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यांत टिकटॉकहि होतें. त्यावर आपल्या खेड्यापाड्यांतील असंख्य मुलामुलींनीं जमविलेले श्रोते एका रात्रींत गेले. बंदी योग्य कीं अयोग्य हा येथें प्रश्न नाहीं. ज्याचें सारें पीक त्या एकाच खारींत होतें तो बुडाला. ज्यांनीं यूट्यूबवर वा अन्यत्र थोडें लावून ठेवलें होतें ते कसेबसे तरले. वर सांगितलेली हजार वर्गणीदारांची अटहि अशीच एके दिवशीं, जानेवारी २०१८ मध्यें जाहीर झाली, आणि लहान लहान गायकांचें जें थोडेंबहुत उत्पन्न होतें तें तेथेंच थांबलें. म्हणून गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाच्या प्रती घरीं जपाव्या, गाणें एकाहून अधिक ठिकाणीं असावें, आणि दिवसाची नोकरी निदान कांहीं हंगाम सोडूं नये, असें आम्ही त्यास सांगितलें. शेवटची सूचना त्याला रुचली नाहीं, हें त्याच्या चेहऱ्यावरून दिसलें.

वकिलाचा सल्ला घेऊन त्यांनीं कंपनीस उलट कागद धाडला. तिघांच्या सह्या: मुलाची, आजीची व साक्षीदार म्हणून बापाची. कायमऐवजीं पांच वर्षें, एकरकमी ऐवजीं थोडी उचल व पुढें वाटा, सहामाही हिशेब, गीतकार-संगीतकाराचा कायदेशीर वाटा अबाधित. दोन महिने उत्तर आलें नाहीं. मुलगा हवालदिल झाला आणि घरांत अबोला धरला. बापावर त्यानें पुष्कळ दोष ठेवला. उत्तर आलें तें असें कीं, सहांपैकीं चार गाणीं कंपनी या अटींवर घेईल. उचल ठरली बावीस हजार. आजीच्या आवाजाचें गाणें व आणखी एक यांवर मात्र कायमचा हक्क मिळत नसेल तर कंपनीस तीं नकोत. तीं दोन त्याच्याकडेच राहिलीं.

गेल्या आठवड्यांत वडिलांचें पत्र आलें. चार गाण्यांची उचल जमा झाली. तींतून पडवीला कौलांखालीं तक्तपोशी करून घेतली, म्हणजे पावसाचा आवाज ध्वनिमुद्रणांत येणार नाहीं. मुलगा अजून कचेरींत जातो. आपण ठेवलेल्या दोन गाण्यांचे पैसे यूट्यूबकडून अद्याप आलेले नाहींत, कारण शंभर डॉलर जमल्याखेरीज तेथून रक्कम पाठवीत नाहींत व त्याचे एकतीस झाले आहेत. साडेतीन गुंठ्यांच्या तुकड्यांत या वर्षीं आजीनें वाल लावले आहेत. पत्राच्या शेवटीं, खारजमिनीच्या बांधाला भगदाड पडलें असून तें दगडानें बुजवावें कीं चिखलमातीनें, असें त्यांनीं विचारलें आहे. त्याचें उत्तर आम्ही त्यांस निराळें लिहीत आहों.